विमानात बसलं की मन का हुरळतं?

आमच्या रामघाटावर येणारे पाहुणे काय काय विचारतात, ते लिहायला बसले तर वेगळं सदरच सुरू करावं लागेल. दशाश्वमेधला जायला नाव मिळेल का, बिंदुमाधव इथून किती लांब, सकाळी वेदपाठाचा आवाज कुठून येतो (सांगवेद विद्यालयातून, ते इथेच घाटावर आहे). काशीतल्या रामघाट, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यामुळे पुण्या-मुंबईचा माणूस इथे पोहोचला, कानावर मराठी पडली, की एकदम सैलावतो आणि घरच्यासारखा बोलू लागतो. तरीही मागच्या महिन्यात एका ताईंनी जे विचारलं, ते मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं.

ताई पुण्याच्या. लग्नाला सात वर्षं झालेली, चार वर्षांची मुलगी, दोन बेडरूमचा फ्लॅट आणि सोबत सासू-सासरे. सासूबाईंची कधीपासूनची इच्छा म्हणून सगळे मिळून काशीला आले होते. संध्याकाळी पायऱ्यांवर बसलो असताना, मी या सदरात नवरा-बायकोच्या नात्याबद्दल लिहिते हे कळल्यावर, त्यांनी आधी आजूबाजूला बघितलं आणि मग आवाज खाली आणला.

"अगं, विमान उडालं ना, तेव्हा घाबरून मी ह्यांचा हात धरला. आणि मग तो सोडावासाच वाटेना. मुलगी तिकडे आजीच्या मांडीवर झोपलेली, सासूबाई माळ ओढतायत आणि माझ्या मनात काय चाललं होतं ते तुला काय सांगू! घरी सहा महिने आम्ही एकमेकांकडे नीट बघितलंसुद्धा नाहीये. मला वाटलं होतं, संपलं आता ते सगळं. मग विमानातच कुठून आलं? तेही काशीला येताना?"

त्या हसत होत्या, पण डोळ्यांत पाणी होतं. त्यांच्या परवानगीनं हे लिहितेय, म्हणून नाव लिहीत नाही. तुमच्यापैकी कितीजणी आता मनातल्या मनात "अगंबाई, हे मलाही झालं होतं" म्हणाल्या असतील, तेही मला माहीत आहे. या विषयावर बोलायची सोय नसते, एवढंच.

ताईंचे प्रश्न खरं तर दोन होते. हे होतं कशामुळे? आणि देवदर्शनाला निघालेल्या बाईला हे होणं चुकीचं आहे का? आधी पहिला घेऊ.

छातीत धडधड कशाची?

विमान तीस-पस्तीस हजार फुटांवर उडत असलं तरी आतली हवा दाब वाढवून राखलेली असते. पण तो दाब जमिनीवरच्या इतका नसतो. साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर जशी हवा असते, तशी ती असते. कळसूबाई महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट. म्हणजे पुण्याहून निघालेल्या सासूबाई खुर्चीतून न उठता कळसूबाईच्याही वर जाऊन आल्या! रक्तातला ऑक्सिजन किंचित कमी होतो, हृदय थोडं जास्त काम करतं. हवा कोरडी असते, आर्द्रता बऱ्याचदा २० टक्क्यांच्याही खाली. इंजिनाच्या सततच्या आवाजानं जिभेची चवसुद्धा बदलते, गोड कमी लागतं.

इंटरनेटवर "उंचीवर गेल्यावर हार्मोन्स उसळतात" असं बिनधास्त लिहिलेलं असतं. त्यावर जाऊ नका. कोरडे ओठ, अवघडलेले पाय आणि कमी ऑक्सिजन, यातलं काहीही रोमान्सच्या बाजूचं नाही.

मग धडधड? ती खरी असते, पण तिचं कारण वेगळं असतं. विमान धावपट्टीवर वेग घेतं, पोटात गोळा येतो, हातांना घाम सुटतो. शरीर ॲड्रेनलिन सोडतं. आता गंमत अशी, की भीतीची धडधड आणि ओढीची धडधड यांत शरीर फारसा फरक करत नाही. ही धडधड कशाची, ते मेंदू आजूबाजूला बघून ठरवतो. शेजारी आवडतं माणूस असेल, त्याचा हात आपल्या हातात असेल, तर मेंदू सरळ ते खातं त्याच्या नावावर टाकतो.

याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हरजवळ कॅपिलानो नदीवर एक झुलता पूल आहे, नदीपासून सुमारे ७० मीटर उंच, पाऊल टाकलं की हलणारा. डोनाल्ड डटन आणि आर्थर एरॉन या मानसशास्त्रज्ञांनी तिथे एका तरुणीला उभं केलं. ती पूल ओलांडणाऱ्या एकट्या तरुणांना काही प्रश्न विचारायची आणि "आणखी माहिती हवी असेल तर फोन करा" म्हणून नंबर द्यायची. दुसरीकडे जवळच्याच एका भक्कम, कमी उंचीच्या पुलावरही हेच केलं. झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या १८ पैकी ९ जणांनी नंतर फोन केला. भक्कम पुलावरच्या १६ पैकी फक्त २ जणांनी. पाय लटपटत होते पुलामुळे, पण पोरांना वाटलं ती मुलगीच फार छान आहे. हा प्रयोग १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अजूनही मानसशास्त्राच्या वर्गात शिकवला जातो.

मी ताईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे माझं प्रेम नव्हतंच, भीतीच होती?"

प्रश्न अगदी बरोबर होता. कारण पुढे २००३ मध्ये अमेरिकेत टेक्सासमध्ये सिंडी मेस्टन आणि पेनी फ्रोलिख यांनी असाच एक अभ्यास रोलर कोस्टरवर केला. आपल्या इमॅजिकात असतो ना, तसा. राइडवर चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या लोकांना एका अनोळखी व्यक्तीचा फोटो दाखवला. ज्यांच्या शेजारी जोडीदार नव्हता, दुसरंच कुणी बसलं होतं, त्यांना उतरल्यावर तो फोटो जास्त आकर्षक वाटला. पण जे आपल्या जोडीदाराबरोबर राइडमध्ये बसले होते, त्यांच्यावर असा काही परिणाम दिसला नाही.

म्हणजे नुसत्या धडधडीनं सगळं उलगडत नाही. सात वर्षं ज्याच्याशी संसार केला, त्याच्याबद्दल मेंदूची अशी सहज फसगत होत नाही. ताईंच्या बाबतीत आणखी काहीतरी घडलं होतं.

पाय ब्रेकवरून उचलला गेला

किन्से इन्स्टिट्यूट ही लैंगिकतेवर काम करणारी अमेरिकेतली जुनी संस्था. तिथल्या जॉन बँक्रॉफ्ट आणि एरिक जान्सेन यांनी कामेच्छेबद्दल एक मांडणी केली, ती मला फार पटते. ती अशी, की प्रत्येकाच्या आत एक ॲक्सिलरेटर असतो आणि एक ब्रेक. इच्छा कमी झाली की आपण ॲक्सिलरेटरच्या मागे लागतो. नवीन नाइटी घे, मेणबत्त्या लाव, परफ्यूम मार. ब्रेककडे कुणी बघतच नाही. आणि अनेकींच्या बाबतीत ॲक्सिलरेटर ठीकच असतो, ब्रेकवर मात्र पाय घट्ट दाबलेला असतो.

ताईंना विचारलं, घरी रात्री साडेदहाला तुमच्या डोक्यात काय असतं? त्यांनी न थांबता सांगायला सुरुवात केली. कणीक भिजवून ठेवली का, उद्या डब्यात काय, सासऱ्यांची बीपीची गोळी संपत आलीय, शेजारच्या खोलीतून खोकल्याचा आवाज येतोय म्हणजे ते जागे आहेत, मधे झोपलेली मुलगी कूस बदलेल, ऑफिसच्या ग्रुपवर काहीतरी येऊन पडलंय, कडी लावली तर सकाळी कुणाच्या लक्षात येईल का. आणि नवरा? तो दुसऱ्या टोकाला फोनमध्ये डोकं घालून.

हे सगळे ब्रेक आहेत. एकेक छोटा, पण सगळे मिळून गाडी जागची हलू देत नाहीत.

आता विमानातली ताई बघा. फोन फ्लाइट मोडवर, म्हणजे दोन तास ना ऑफिस, ना ग्रुप, ना कामवाल्या मावशींचा "आज येणार नाही" हा फोन. गॅसची शेगडी शेकडो किलोमीटर मागे. मुलगी आजीकडे. जेवण कुणीतरी ट्रेमध्ये आणून देतंय आणि उष्टं उचलूनही नेतंय! कपडे जरा ठेवणीतले, केस नीट बांधलेले. आणि नवरा हातभर अंतरावर, त्याच्या हातातही फोन नाही. खिडकीतून ढग दाखवताना त्याचं डोकं तिच्या खांद्याजवळ आलेलं. किती महिन्यांनी दोघांनी एकाच गोष्टीकडे एकत्र बघितलं असेल?

विमानानं नवीन काही दिलं नाही. त्यानं फक्त ब्रेकवरचा पाय उचलला. ओढ होतीच, घरी तिला वर यायला जागा नव्हती.

हे ऐकून ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ते संपलेलं नाही." त्या रात्री मला कळलं, की त्यांचा खरा प्रश्न हाच होता. विमान, उंची, काशी हे सगळं निमित्त. आपल्या संसारातलं काहीतरी कायमचं वाळून गेलंय, या भीतीनं त्या सहा महिने मनात कुढत होत्या आणि नवऱ्याला विचारायचं धाडस होत नव्हतं.

पुलाच्या प्रयोगातल्या त्याच आर्थर एरॉननी पुढे लग्न झालेल्या जोडप्यांवरही काम केलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्यांनी जोडप्यांचे हातपाय पट्ट्यांनी एकमेकांना बांधले आणि दोघांच्या मधे एक उशी धरून, हात न लावता, गुडघ्यांवर रांगत गादीवरून पलीकडे जायला सांगितलं. जेमतेम सात मिनिटांचा हा वेडेपणा. पण तो करून आलेल्या जोडप्यांना आपलं नातं आधीपेक्षा चांगलं वाटत होतं. साधं, रोजच्यासारखं काम दिलेल्यांना तसं वाटलं नाही. एकत्र काहीतरी नवीन, थोडं धांदलीचं करणं जोडप्यांना मानवतं. ढगांत विमान हलायला लागल्यावर एकमेकांना धरून बसणं हे तसंच नाही का?

सगळ्यांनाच असं होतं असं मात्र नाही. कुणाला विमानात बसलं की मळमळतं, कुणाला इतकी भीती वाटते की उतरेपर्यंत दुसरं काही सुचत नाही. अमेरिकेला मुलाकडे जाणाऱ्या आई-बाबांना सोळा तासांनंतर फक्त पाय लांब करून झोपायचं असतं. तुमचा ब्रेक विमानातच लागत असेल तर त्यातही काही बिघडलेलं नाही.

पण काशीला जाताना?

आता ताईंचा दुसरा प्रश्न. इथे मी काशीची मुलगी म्हणून बोलते.

आपल्याकडे काशी आणि संसार यांना एकमेकांसमोर उभं करायची जुनी सवय आहे. सोडमुंजीत बटू छत्री-काठी घेऊन काशीला निघतो आणि मामा त्याला अडवतो, "जाऊ नकोस, माझी मुलगी देतो तुला." म्हणजे काशी हवी की बायको, असा तो प्रश्न! यात्रेत संयम पाळायचा ही रीतही जुनीच. चालत यात्रा करायचे, धर्मशाळेत पन्नास माणसांत झोपायचे, तेव्हा तर दुसरी सोयही नव्हती. ज्यांना ती रीत पाळायची आहे त्यांनी जरूर पाळावी. पण संयम कृतीचा असतो. मनात ओढ आली म्हणून यात्रा बाटत नाही.

आणि ही नगरी कुणाची आहे ते तरी बघा. पुराणातली गोष्ट अशी, की लग्नानंतर शंकर सासरीच, हिमालयात राहिले. घर नसलेल्या जावयावरून पार्वतीला आईचे बोल ऐकावे लागले, तेव्हा शंकर तिला घेऊन काशीला आले. म्हणजे काशी हे मुळात एका नवरा-बायकोनं थाटलेलं घर आहे, तेही सासर-माहेरापासून लांब! (जागेचा प्रश्न तिथेही होताच.) फाल्गुनात रंगभरी एकादशीला इथे गौरीचा गौना होतो, म्हणजे शंकर तिला घरी घेऊन येतात. पालखी निघते, गुलाल उधळतो आणि अख्खं शहर या जोडप्याच्या घरी येण्याचा उत्सव करतं. अशा गावात नवऱ्याचा हात धरावासा वाटला तर कोण रागावणार?

विमानात काय नको

ही ओढ कितीही गोड असली तरी विमान हे सार्वजनिक ठिकाण आहे. हातात हात, खांद्यावर डोकं, एका शालीत दोघं, इथपर्यंत ठीक. चादरीखालचे किंवा टॉयलेटमधले उद्योग सिनेमात बरे दिसतात. सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल असं अश्लील वर्तन भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ नुसार गुन्हा आहे आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय ते टॉयलेट! तिथे एकट्या माणसाला वळता येत नाही.

एकट्यानं प्रवास करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट, आणि ही मी हसत सांगत नाहीये. झुलत्या पुलावरची फसगत अनोळखी माणसाबद्दलच सर्वांत जास्त होते. शेजारच्या सीटवरची व्यक्ती छान बोलली, आपली धडधड वाढली, म्हणून तिलाही आपल्यात रस आहे असं समजू नका. "चुकून" लागलेला हात बाईला बरोबर कळतो. विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१७ च्या नियमांनुसार असा अनुचित स्पर्श केल्यास सहा महिन्यांपर्यंत विमानबंदी होऊ शकते. तुमच्या बाबतीत असं घडलं तर संकोच करू नका, लगेच बेल दाबून केबिन क्रूला बोलवा आणि सीट बदलून मागा. आणि लांबच्या प्रवासात कुणी भेटलं, खरंच आवडलं, तर नंबर घ्या. पण मोठा निर्णय जमिनीवर उतरून, दोन दिवस झोप काढून घ्या.

परदेशी विमानात दारू मिळते, आपल्या देशांतर्गत विमानात ती देत नाहीत, ते बरंच आहे. विरळ हवेत दारू पिऊन झोपलं तर रक्तातला ऑक्सिजन आणखी खाली जातो आणि हृदयाचे ठोके वाढतात. आणि गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्यांनी लांबच्या प्रवासात एक लक्षात ठेवा. घड्याळ बदललं तरी दोन गोळ्यांमधलं अंतर तेच राहायला हवं. मुक्कामी पोहोचल्यावर मूड असतो आणि गोळी चुकलेली असते, असं होऊ देऊ नका. निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

उतरल्यावर

बाबतपूर विमानतळावर उतरलं की शहरात यायला साधारण पंचवीस किलोमीटर. ताई म्हणाल्या, टॅक्सीत बसल्या बसल्या फोन सुरू केले आणि धडाधड मेसेज वाजले. सासऱ्यांनी विचारलं, गोळी कुठल्या बॅगेत आहे. मुलीला शू लागली. "संपलं गं, तिथेच संपलं."

मी म्हटलं, मग विमानातलं काय काय घरी नेता येईल ते बघा ना. विमान नेता येणार नाही, पण फ्लाइट मोड नेता येईल. रोज अर्धा तास, दोघांचेही फोन. उद्याच्या डब्याचा विचार नवऱ्यानं करायचा असेही आठवड्यातले तीन दिवस ठरवता येतील, कारण त्याच्या डोक्यात कणीक नसते आणि तुमच्या असते, तोवर ब्रेक तुमच्याच पायाखाली राहणार. मुलीला आठवड्यातून एक रात्र आजीजवळ झोपू द्या. आणि नवऱ्याला सांगा की विमानात असं वाटलं होतं. हे सर्वांत अवघड आहे, ते मला माहीत आहे. "मला तू हवा होतास" हे वाक्य मराठीत बोलताना जीभ अडखळते, पण त्याला हे कधीच कळलेलं नसतं. तोही दुसऱ्या टोकाला फोनमध्ये डोकं घालून, ही आता आपल्याकडे बघत नाही, असंच समजत असतो.

ताईंनी सांगितलं की नाही, ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळी मंडळी घाटावर आली, तेव्हा नाव ठरवायचं चाललं होतं. सहा जणांची नाव की चार जणांची, यावर सासऱ्यांची आणि नावाड्याची घासाघीस. तेवढ्यात सासूबाई पायरीवर बसल्या आणि नातीला मांडीत घेऊन म्हणाल्या, "माझे गुडघे दुखतायत. तुम्ही दोघं या फिरून. आम्ही तिघं इथे बसतो."

"अहो आई, पण तुमच्यासाठीच तर..." ताई म्हणाल्या.

"मी बघितलीय गंगा. लग्नानंतर आम्ही आलो होतो ना, कामायनी एक्सप्रेसनं. एक दिवस आणि वर काही तास लागले होते. ह्यांचा वरचा बर्थ, माझा खालचा. रात्रभर वरून डोकावून विचारत होते, झोपलीस का गं, झोपलीस का गं."

सासऱ्यांनी एकदम नावाड्याशी भाव करायचं थांबवलं आणि तो म्हणेल तेवढे पैसे दिले.